फ्रीझर आपल्या नावावर, निगाही आपल्या हाती

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मार्गदर्शनाचा हा मजकूर आहे. सभेला येऊ न शकलेल्या तायांनी मागणी केली म्हणून इथे देत आहोत.)



मघाशी हप्त्यांचा आढावा झाला, तेव्हा एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. आपल्या प्रभागात शिलाई मशीन आणि शेळ्यांच्या खालोखाल आता डीप फ्रीझरसाठी कर्ज मागितलं जातंय. कुणी कोळंबी आणि बांगडा साठवून आठवडी बाजाराला विकतं, कुणी हापूसचा रस काढून ठेवतं, कुणी ओलं खोबरं, कुणी मटार. एका ताईने तर गणपतीत मोदकाचं सारण तयार करून फ्रीझरमध्ये ठेवलं आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना विकलं. ऐकून फार बरं वाटलं.

पण गेल्या महिन्यात हप्त्यांच्या भेटीला गेले, तेव्हा मुद्दाम प्रत्येकीचा फ्रीझर उघडून बघितला. मागचा प्लग बघितला, दाराचं रबर बघितलं. आणि मग ठरवलं की या सभेत बाकी विषय थोडे मागे ठेवू, पण फ्रीझरवर बोलायचंच.

मी शिकले समाजकार्य. मी काही वायरमन नाही की मेकॅनिक नाही. शिवाय तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या लेकीच्या वयाची आहे. त्यामुळे जे सांगणार आहे ते वाचून, विचारून, आणि एक मोठी चूक स्वतः करून शिकलेय. चूक कोणती ते पुढे सांगते, तेव्हा हसू नका.

फ्रीझर काय करतो आणि काय करत नाही

पहिली गोष्ट. फ्रीझरमध्ये ठेवलं म्हणजे जंतू मेले, असा बऱ्याच जणींचा समज आहे. तसं होत नाही. फ्रीझरमध्ये बहुतेक जंतू झोपतात. उणे १८ अंशाला त्यांची वाढ थांबते, एवढंच. पाकीट बाहेर काढलं, बर्फ सुटला, ऊब मिळाली की ते उठतात आणि पुन्हा कामाला लागतात. म्हणजे माल जसा आत गेला तसाच बाहेर येणार. खराब होत आलेली वस्तू फ्रीझर सुधारून देत नाही.

याचं आपल्या भागातलं उदाहरण बांगड्याचं. बांगडा, तारली, कुपा, सुरमई ही मासळी पकडल्यानंतर उन्हात, गरम हवेत पडून राहिली की तिच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो एकदा तयार झाला की फ्रीझरने जात नाही, आणि तळून किंवा उकळूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, जुलाब होतात. आपण म्हणतो, 'मासळी बाधली'. पुष्कळदा वासावरून काहीच कळत नाही.

म्हणून फ्रीझरचं काम फ्रीझरपाशी सुरू होत नाही, ते जेटीवर सुरू होतं. मासळी घेतल्या घेतल्या बर्फात घाला. एक किलो मासळीला एक किलो बर्फ, हा साधा हिशोब लक्षात ठेवा. बर्फाचे पैसे वाचवायला गेलो तर मासळी जाते. घरी आल्यावर लगेच साफ करा, धुवा, पाणी निथळू द्या आणि फ्रीझरमध्ये टाका. आधी दुपारचं जेवण, मग थोडी झोप आणि मग मासळी, असं करू नका.

भरायची पद्धत

आता भरण्याविषयी. मी बघितलेल्या चारपैकी तीन फ्रीझरमध्ये मोठमोठ्या पिशव्या होत्या. तीन-तीन किलोची कोळंबी एका गोळ्यात. असा गोळा मध्यापर्यंत गोठायला फार वेळ लागतो. बाहेरून दगड आणि आत अजून मऊ, अशी स्थिती राहते. पुन्हा विकायला काढताना सगळाच गोळा सोडवावा लागतो. त्यापेक्षा अर्ध्या किंवा एक किलोची पाकिटं करा. पिशवीतली हवा दाबून काढा, पाकीट पाटासारखं चपटं करा आणि आडवं ठेवा. लवकर गोठतं, जागा कमी लागते, आणि गिऱ्हाईक आलं की तेवढंच काढता येतं.

प्रत्येक पाकिटावर तारीख लिहा. मार्कर पेन दहा-वीस रुपयांना येतं. 'माझ्या लक्षात राहतं' असं म्हणू नका, कुणाच्याच राहत नाही. बांगडा, तारली यांच्यासारखी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवा. पापलेटसारखी कमी तेलाची मासळी सहा महिन्यांपर्यंत चांगली राहते. त्यापुढे विषारी होते असं नाही, पण तेल खवट होतं, चव जाते, आणि गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही. आधी आलेलं आधी बाहेर, हा नियम पाळा. नवीन पाकिटं खाली, जुनी वर.

गरम वस्तू आत ठेवू नका. आटवलेला रस, उकडलेलं काहीही, आधी गार करा. पण गार करायचं म्हणून रात्रभर ओट्यावरही ठेवू नका. पसरट भांड्यात ओता, ते भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा, म्हणजे दोन तासांच्या आत काम होतं. गरम वस्तू आत गेली की आजूबाजूची गोठलेली पाकिटंही सुटायला लागतात, आणि झाकणाला बर्फ धरतो तो वेगळाच.

मटार ठेवायचे असतील तर उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात काढा, कोरडे करा आणि मग भरा. त्याने रंग आणि गोडी टिकते. काचेच्या बाटल्या, सोड्याच्या बाटल्या आत ठेवू नका. पाणी गोठताना फुगतं, बाटली फुटते, आणि काचा मालात जातात. रस भरतानाही डब्यात वर दोन बोटं जागा सोडा.

कच्ची मासळी किंवा मटण आणि खोबरं, रस, सारण यांची सरमिसळ नको. मासळीची पाकिटं झाकणाच्या डब्यात, तळाला. बाकीचं वरच्या जाळीत. वासाचा प्रश्न तर आहेच, पण पाकीट फुटून पाणी ओघळलं तर कच्च्याचं पाणी तयार वस्तूवर जाऊ नये.

आणि एका दिवसात फ्रीझर ताज्या मालाने गच्च भरू नका. किती किलो ताजा माल एका दिवसात गोठवता येईल, हे बहुतेक फ्रीझरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. एका घरी तिच्या पानांत पोरांनी चकल्या बांधून नेल्या होत्या.

वीज: इथे चूक करायची मुभा नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका ताईंच्या घरी मी फ्रीझरच्या कडेला हात लावला, तर हाताला बारीक मुंग्या आल्या. ताई म्हणाल्या, "अहो, तो पावसाळ्यात तसाच करतो. आम्ही चप्पल घालून उघडतो."

तायांनो, फ्रीझर पावसाळ्यात 'तसाच' करत नसतो. ती वीज आहे. ती फ्रीझरच्या पत्र्यावर आली आहे आणि जमिनीत जायला वाट शोधते आहे. ज्या दिवशी ओल्या फरशीवर अनवाणी पाय आणि ओला हात एकत्र येतील, त्या दिवशी ती वाट आपल्या शरीरातून काढेल.

मी प्लग बघितला. तीन पिनांचा प्लग होता, पण बोर्डात दोनच भोकं होती, म्हणून वरची जाड पिन कुणीतरी कापून टाकली होती. ती वरची जाड पिन म्हणजे अर्थिंग. पत्र्यावर आलेली वीज सुरक्षितपणे जमिनीत नेणारी वाट. आपण तीच कापली.

ताईंना विचारलं, वायरमनला सांगितलं का? त्या म्हणाल्या, "लाईटचं काम यांच्याकडे असतं. मी कसं सांगणार?" मला तिथेच जरा वाईट वाटलं. कर्ज त्यांच्या नावावर. दर महिन्याचा हप्ता त्यांच्या कमाईतून. पहाटे उठून जेटीवर त्याच जातात. फ्रीझरला दिवसातून वीस वेळा हात त्यांचाच लागतो. आणि अर्थिंग आहे की नाही, हे विचारायला मात्र त्यांना संकोच वाटतो. जिचा हात लागतो, तिनेच विचारायचं. यात कुणाचा मान जात नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. घरात अर्थिंगची तार होती, पण ती जिथे पुरली होती तिथला जोड गंजून तुटला होता. घर जुनं असेल तर असं होतं. आता तो जोड नवीन आहे आणि बोर्डही तीन भोकांचा आहे. ताई म्हणतात, मुंग्या बंद झाल्या.

तर ही कामं लिहून घ्या.

फ्रीझरला स्वतंत्र तीन पिनांचा पॉइंट हवा. त्याच बोर्डात मिक्सर, मोबाईलचा चार्जर असं काही नको. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रीझर कायमचा चालवू नका. वायर गरम होते, जळते.

अर्थिंग चालू आहे का, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. त्याच वेळी आरसीसीबी बसवता येईल का, हेही विचारा. हा मीटरजवळच्या पेटीत बसवायचा स्विच असतो. वीज गळते आहे असं कळलं की तो क्षणात पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. त्याच्यावर 'टेस्ट' असं लिहिलेलं बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघायचं. दाबल्यावर लाईट गेली, म्हणजे स्विच काम करतोय.

व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, पण आधी फ्रीझरवरचा कागद वाचा. काही नवीन फ्रीझर बऱ्याच कमी-जास्त व्होल्टेजवर चालतात. लाईट जाऊन लगेच आली तर फ्रीझर पाचेक मिनिटं बंद ठेवूनच सुरू करा, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो. चांगला स्टॅबिलायझर हे काम स्वतःच करतो.

फ्रीझर चुलीजवळ नको, खिडकीतून ऊन येतं तिथे नको, पावळीचं पाणी येतं तिथे तर अजिबात नको. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, त्याला मोकळी हवा लागते. जमीन सपाट हवी. मातीच्या किंवा ओल धरणाऱ्या जमिनीवर असेल तर खाली लाकडी फळी किंवा स्टँड घ्या.

आणि कधी पत्र्याला हात लावून मुंग्या आल्या, तर पुन्हा हात लावून खात्री करू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. कुणी चिकटलं असेल तर धावत जाऊन त्या माणसाला धरू नका. पहिल्यांदा मेन स्विच बंद. स्विच सापडत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने ढकला. मग १०८ ला फोन. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, मेन स्विच कुठे आहे हे आजच दाखवा.

लाईट गेली तर

आपल्याला लाईट जाण्याचं नवल नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. ते तुम्ही अनुभवलंय, मी तुम्हाला काय सांगणार?

लाईट गेली की पहिला नियम, झाकण उघडायचं नाही. 'बघू तरी किती सुटलंय' म्हणून उघडलं की आतली थंडी बाहेर जाते. झाकण न उघडता गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला साधारण २४ तास. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उकाड्यात आणि जुन्या रबराच्या फ्रीझरमध्ये यापेक्षा कमीच धरा. वरून गोधडी टाकली तर मदत होते, पण लाईट आली की ती लगेच काढा.

म्हणूनच फ्रीझर अर्धा रिकामा असेल तर मोकळ्या जागेत पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या भरून ठेवा, वरती थोडी जागा सोडून. त्या बर्फाच्या विटांसारखं काम करतात.

आता एक युक्ती. एका वाटीत पाणी गोठवा. बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. तुम्ही माहेरी गेलात, चार दिवसांनी आलात, तर फ्रीझर चालूच दिसणार आणि सगळं गोठलेलंच दिसणार. पण मधे लाईट जाऊन माल सुटला होता का? नाणं वर असेल तर ठीक. नाणं वाटीच्या तळाला गेलं असेल, तर बर्फ वितळून पाणी झालं होतं आणि नंतर पुन्हा गोठलं. त्या मालावर विश्वास ठेवू नका.

मग माल सुटला तर काय करायचं? पाकिटात अजून बर्फाचे कण आहेत, आणि वस्तू फ्रिजमधल्यासारखी थंडगार आहे, तर पुन्हा गोठवू शकता. चव थोडी उतरेल. त्यापेक्षा त्याच दिवशी शिजवून संपवणं चांगलं. पण वस्तू पूर्ण सुटून कोमट झाली असेल आणि तशी दोन तासांपेक्षा जास्त राहिली असेल, तर टाकायची. कडक उन्हाळ्यात एक तासच धरा. वास घेऊन ठरवू नका, चाखून तर मुळीच नाही.

आता खरं सांगा, हे ऐकताना पोटात गोळा येतो ना? मलाही येतो. आपल्या घरात शिळी भाकरीसुद्धा टाकत नाहीत, तिचा कुस्करा करतात. आणि मी चार-पाच हजारांची कोळंबी टाकायला सांगतेय. एका ताईंच्या बाबतीत हेच झालं. दोन दिवस लाईट नव्हती. माल सुटला होता. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, हा टाकला तर यंदाचा हप्ता कुठून भरू? पुन्हा गोठवते. कुणाला कळणार आहे?"

त्यांना दोष देणं मला जमलं नाही. कारण प्रश्न नीतीचा नव्हता, हप्त्याचा होता. आम्ही दोघी त्यांच्या गटाच्या अध्यक्षांकडे गेलो. गटाने त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलला. कोळंबी परसात खोल खड्डा करून पुरली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पण त्यांचं गिऱ्हाईक आजही टिकून आहे, आणि कुणाचं पोर आजारी पडलं नाही.

यावरून माझी एक सूचना आहे, सभेने विचार करावा. ज्या गटांनी फ्रीझरसाठी कर्ज दिलंय, त्यांनी त्या तायांकडून महिन्याला थोडी रक्कम, पन्नास असो की शंभर, वेगळ्या खात्यावर जमा करावी. नाव द्या 'फ्रीझर निधी'. दुरुस्ती, वायरमन, वादळात गेलेला माल, यासाठीच तो वापरायचा. टाकायची वेळ आली तर टाकायला बळ यावं, एवढ्यासाठी. बाईला 'खराब माल विकू नको' असं सांगणं सोपं आहे. तिला ते परवडेल अशी सोय करणं हे गटाचं काम आहे.

सफाई, आणि माझी चूक

आता माझी चूक. शिकायला होते तेव्हा आम्ही चार मुली खोली घेऊन राहायचो. छोटा जुना फ्रिज होता. वरच्या कप्प्यात बर्फाचा डोंगर झालेला. मला घाई होती. मी सुरी घेतली आणि बर्फ खरवडायला लागले. फुस्स असा आवाज आला. गार हवा आल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने फ्रिज थंड करायचा थांबला. बर्फामागे गॅसची नळी असते, ती मी भोसकली होती. दुरुस्तीचे पैसे चौघींनी वाटून भरले आणि बाकी तिघी महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

पैसे गेले ते गेले. पण नंतर कळलं की धोका त्याहून मोठा होता. हल्लीच्या बऱ्याच फ्रिज-फ्रीझरमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो. मागच्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं. तो पेट घेणारा गॅस आहे. म्हणून बर्फ काढायला सुरी, उलथणं, स्क्रू-ड्रायव्हर, काहीही टोकदार नको. आणि कधी असा फुस्स आवाज आला, तर चूल, गॅस, उदबत्ती विझवा, दारं-खिडक्या उघडा, तिथली बटणं चालू-बंद करू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

बर्फाचा थर करंगळीच्या अर्ध्या जाडीएवढा झाला की सफाई करायची. जास्त बर्फ म्हणजे जास्त बिल आणि कमी थंडी. माल कमी असेल असा दिवस निवडा.

आधी बटण बंद, मग प्लग काढा. कोरड्या हाताने. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

माल थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ठेवा, किंवा शेजारच्या ताईंच्या फ्रीझरमध्ये. वर गोधडी.

झाकण उघडं ठेवा. तळाला पाणी निघायचं बूच असतं, ते काढून खाली परात ठेवा. लवकर व्हायला हवं असेल तर आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, खाली जाड फडकं घालून. बर्फ आपोआप सुटतो, हाताने उचलून काढा. शेगडी, हेअर ड्रायर असलं काही नको.

एक लिटर कोमट पाण्यात एक-दोन चमचे खायचा सोडा घाला आणि त्याने आतून पुसा. वास जातो. मग साध्या पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने. फिनेल नको, ॲसिड नको, तारेची घासणी नको. पाइपने धुवायचा तर विचारही करू नका. मागच्या बाजूला कॉम्प्रेसर आणि वायरी आहेत, तिथे पाणी गेलं की पुन्हा मुंग्यांची गोष्ट सुरू.

दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसा, घडीतली काळी बुरशी काढा. मग दहा रुपयांची नोट झाकणात धरून झाकण लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर सैल आहे. असं चारी बाजूंनी बघा. सैल रबर म्हणजे दिवसभर थोडं झाकण उघडंच. रबर बदलून मिळतं, त्यासाठी नवीन फ्रीझर लागत नाही.

मागच्या किंवा खालच्या जाळीवरची धूळ, केस, जाळी-जळमटं कोरड्या ब्रशने काढा. प्लग काढलेला असतानाच.

सगळं कोरडं झालं की बूच लावा, प्लग लावा. रिकामा फ्रीझर दोन-तीन तास चालू द्या, मग माल भरा.

गोठलेली वस्तू सोडवायची पद्धतही सांगते. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रिज नसेल तर बंद पाकीट गार पाण्यात बुडवा, अर्ध्या तासाने पाणी बदला, आणि सुटल्यावर लगेच शिजवा. सकाळी ओट्यावर काढून संध्याकाळी रांधायचं, हे बंद करा. हेच गिऱ्हाईकालाही सांगा.

बंद पडलेला फ्रीझर

शेवटचा मुद्दा, आणि याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. गावात फिरताना बंद पडलेले फ्रिज आणि फ्रीझर पडवीत, गोठ्याशेजारी दिसतात. कुणी त्यात तांदूळ ठेवतं, कुणी जुने कपडे. उंदीर शिरत नाही म्हणून सोयीचं वाटतं. पण मुलं लपाछपी खेळतात. आडव्या फ्रीझरमध्ये पोर उतरलं आणि झाकण पडलं, तर ते आतून त्याला उघडेलच असं नाही. हवा आत जात नाही, म्हणूनच तर त्यात थंडी टिकते. आवाजही बाहेर येत नाही. काही मिनिटांचा खेळ असतो.

म्हणून फ्रीझर बंद पडला आणि दुरुस्त करायचा नाही असं ठरलं, की त्याच दिवशी झाकण काढून टाका. धान्य ठेवायचंच असेल तर वर लाकडी फळी टाका. चालू फ्रीझरला कुलूप असेल तर ते लावा आणि किल्ली वर खुंटीला ठेवा. भंगारात देताना स्वतः नळ्या कापू नका, आत गॅस असतो.

आता मी थांबते. पुढच्या सभेपर्यंत प्रत्येकीने तीनच कामं करायची आहेत. एक, प्लगला तीन पिना आहेत का ते बघायचं आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं. दोन, वाटीत नाणं ठेवायचं. तीन, अंगणात बंद फ्रीझर असेल तर झाकण काढायचं. सीआरपी ताई घरी येतील तेव्हा गटाच्या वहीत या तिन्हींची नोंद करतील. फ्रीझर निधीचा विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्यावा अशी अध्यक्षांना विनंती.

आणि घरात कुणी विचारलं, "तुला काय कळतं गं लाईटमधलं?" तर सांगा, हप्ता मी भरते, आणि हात माझा लागतो. म्हणून मी विचारते.